चौकटीबाहेर

"चित्र चौकटीबाहेर सोडू नका, ते जवळच्या कुठल्याही पडद्यावर जाऊन पडेल," असं दवाखान्याच्या आभासी मंचानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ऋजुतानं न वाचताच 'समजलं' म्हणून टाकलं होतं.

आज दहा महिन्यांची ठकी झोपेतून उठली ती जांभळे ओठ घेऊनच. मंचावरच्या डॉक्टरांनी चित्र पाहिल्याशिवाय आता दवाखान्याचं दार उघडत नसे. ऋजुतानं घाईघाईनं मंचावर सगळं लिहिलं, ठकीला कडेवर घेतलं आणि तिच्या चेहऱ्याचं टिपलेलं चित्र चिमटीत धरून मंचाच्या हवेतल्या चौकटीकडे नेलं. चौकट काडेपेटीएवढी. ठकीनं नेमकी मनगटावर लाथ मारली. चित्र निसटलं, आणि लिहिलेलंही पुसलं गेलं.

ती रडकुंडीला आली, तोच खालच्या मजल्यावरचे गद्रेकाका धापा टाकत दारात आले.

"अगं, ठकी माझ्या भिंतीवरच्या पडद्यावर कशी आली? आणि तोंड नाही पुसलंस होय तिचं?"

"काका, ओठ जांभळे पडलेत तिचे!"

"पडले कुठले, जांभळाचे डाग आहेत ते! मघाशी तू कपडे वाळत घालत होतीस, तेव्हा ती उठली होती; मीच चाटवलं थोडं आणि परत झोपवलं."

ओल्या फडक्यानं पुसल्यावर ओठ गुलाबी झाले. ऋजुता हसता हसता रडली.

"मला मात्र बरं वाटलं हो," काका जाता जाता म्हणाले. "कितीतरी महिन्यांनी माझ्या भिंतीवर कुणीतरी आलं."

तुमच्या खालच्या मजल्यावर कोण राहतं? त्यांची भिंत कोरी तर नाही ना, जरा बघून या.