पाच वर्षांची ओळख

"सॉरी सर," रिचेल म्हणाली. "माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं."

तिने टेबलावर ठेवलेला कागद डॉ. श्रीरंग टिपणिसांनी आधी उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. मग सुलट करून वाचला. रिचेलला फेलोशिप नाकारली होती आणि कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती : मार्गदर्शकांची शिफारस थंड आहे.

टिपणीस विरारच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते. तीच फेलोशिप त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला, हर्षवर्धनला मिळाली होती. त्यालाही शिफारस त्यांचीच होती.

विभागात एक रीत होती. ज्याला शिफारसपत्र हवं, त्याने ते स्वतःच लिहून आणायचं. सरांनी सही करायची. सर याला विद्यार्थ्यांना स्वावलंबी करणं म्हणत.

त्यांनी कॉम्प्युटरवर दोन्ही पत्रं काढली आणि सही केल्यानंतर दोन महिन्यांनी पहिल्यांदा वाचली. हर्षवर्धनसारखा विद्यार्थी सरांना बावीस वर्षांत भेटला नव्हता. रिचेल वेळेवर येत होती आणि प्रयोगशाळा स्वच्छ ठेवत होती.

"अगं, स्वतःबद्दल असं लिहितात का? जरा मोकळ्या हाताने लिहायचंस!"

"तुमच्या नावाने लिहायचं होतं ना सर. म्हणून तुम्ही मला जे जे म्हणाला होतात, तेवढंच लिहिलं."

सरांनी आठवून पाहिलं. म्हणाले होते. प्रयोगशाळेचं तर तपासणी समिती येणार होती त्या दिवशी.

त्यांना अपराधी वाटलं. तसं ते अधूनमधून वाटायचं. पण समोरचं माणूसच सॉरी म्हणतंय, असं कधी झालं नव्हतं.

"दुसरी एक फेलोशिप आहे सर," रिचेल म्हणाली. "माझा अर्ज गेलाय. फक्त तुमचं पत्र आज पाचच्या आत अपलोड व्हायला हवं. लिंक तुम्हाला आलीय. माझ्या वयात बसणारी ही शेवटचीच."

"आणि नाही झालं तर?"

"जूचंद्रला एक क्लास आहे. नववी-दहावीचं सायन्स. त्यांना आज संध्याकाळी हो की नाही ते सांगायचंय."

तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढून पुढे ठेवला. "पत्र यात आहे. या वेळी जरा बरं झालंय. ब्रायनने मदत केली."

"ब्रायन कोण?"

"भाऊ. अर्नाळ्याला मासळीच्या लिलावात पुकारा करतो. माल कसा सांगायचा ते त्याला कळतं."

सरांनी पेन ड्राइव्ह एका बोटाने बाजूला सारला.

"नाही. या वेळी मी लिहिणार. स्वतः."

"सर, साडेचार वाजून गेलेत."

"गेले तर गेले! पाच वर्षं तू माझ्याकडे आहेस. माझं काही कर्तव्य आहे की नाही?"

रिचेलने पेन ड्राइव्ह पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

सरांनी लिंक उघडली आणि दोन बोटांनी टाइप केलं : मी कुमारी रिचेल हिला गेली पाच वर्षं ओळखतो. पूर्णविराम दिला. वाक्य मोठ्याने वाचून पाहिलं. चांगलं झालं होतं. मग बोटं कीबोर्डवर तशीच तरंगत राहिली.

"तुझं ते... बेडकांवर ना?"

"निवट्यांवर, सर. खाडीच्या चिखलात उड्या मारतो, तो मासा."

"तेच ते. तर त्यांच्यात नेमकं काय पाहिलंस?"

रिचेलने घड्याळाकडे पाहिलं. मग पेन ड्राइव्हकडे. "सर, ते सगळं यात आहे."

"यातलं नको. तू सांग."

हा प्रश्न त्या केबिनमध्ये पाच वर्षांत कोणी विचारला नव्हता. तिच्या सहामाही अहवालांची पानं सर उलटायचे, पण ती सहीची जागा शोधायला.

तिने उभ्याउभ्याच सुरुवात केली. दोन वाक्यांत आटपायचं असं ठरवून. तिसऱ्या वाक्याला ती खुर्ची ओढून बसली.

"भरतीचं पानी चढलं ना सर, की बिळात हवा राहत नाही. आणि अंडी तर आत. मग नर काय करतो, वर येऊन तोंडात हवा भरतो, खाली नेऊन सोडतो. परत वर. परत खाली. मी मोजलंय."

एरवी सरांसमोर ती जपून 'पाणी' म्हणायची.

"किती वेळा?" सरांनी विचारलं.

"चाळीस-चाळीस वेळा! आणि उमेळ्याच्या बाजूला भराव पडला ना, तिकडची बिळं उथळ झालीत. हवा तेवढीच नेतो बिचारा, पन आत ठरत नाही. मी दोन पावसाळे तिथे गुडघाभर चिखलात..."

सरांनी चष्मा काढला. बावीस वर्षांत त्यांना असं काही कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

"मग?" ते म्हणाले.

पाच वाजले तेव्हा रिचेल दुसऱ्या वर्षाच्या चिखलात होती. स्क्रीनवर मुदत संपल्याची लाल पट्टी आली. ती दोघांनाही दिसली. खाली सरांचं एक वाक्याचं पत्र तसंच होतं, पूर्णविरामासकट.

रिचेलचा फोन वाजला. जूचंद्रचे क्लासवाले. तिने पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि सरांकडे पाठ करून फोन घेतला.

"हो, सोमवारपासून चालेल," ती म्हणाली. "नाही नाही, त्याची काळजी नको. मी वेळेवर येते."