नावाला जाग

पहिली मुलगी झाली तेव्हा वडिलांनी हौसेनं संत सखूचं नाव ठेवलं. लग्नानंतर सखू सासरचा मार खाऊन माहेरी यायची आणि वडील तिची समजूत घालून तिला परत पोचवायचे. "संत सखूनं काय कमी सोसलं? नावाला जाग, बाळ." आई आत भांडी घासत ऐकायची.

दिवस भरत आले असताना नवऱ्यानं पोटात लाथ मारली. दवाखान्यात सखू गेली, तिची मुलगी तेवढी वाचली. नर्सनं बाळाचं नाव विचारलं, तेव्हा वडील डोळे पुसत म्हणाले, "हिच्या आईचंच लिहा. सखू."

सखूच्या आईनं नर्सचा हात धरला.


"संताचं नको, बाई. तुमच्या ओळखीत कुणी भांडकुदळ बाई असेल, तर तिचं नाव लिहा."