आधी बघावं, मग झाडावं

"असं होत न्हाई म्हणून कसं काय लिहिलास तू? झालंय म्हणून तर कळवलं ना!" दामिनी फोनवर एवढ्यानं ओरडली की क्लासमधल्या उरलेल्या मुली पिशव्या उचलून मुकाट जिना उतरल्या.

पलीकडे पुण्याहून रुद्रेश होता. एकेकाळी लातूरच्या कॉलेजात तिच्याच वर्गात बसायचा. आता दामिनीच्या क्लासमधल्या मुली ज्या मोफत एडिटरमध्ये कोड लिहायला शिकत, त्यात काय घ्यायचं आणि काय नाही हे तो ठरवायचा. तिनं आठवड्यापूर्वी पाठवलेली दुरुस्ती त्यानं एका वाक्यात नाकारली होती. नवी आवृत्ती आज रात्री निघणार होती आणि त्यानंतरची थेट दिवाळी उलटल्यावर.

दुरुस्ती तरी केवढी? दोन ओळींची अदलाबदल. हा एडिटर विंडोजवर सुरू होताना आधी बघायचा, मागच्या वेळचं सेव्ह न केलेलं काही राहिलंय का, आणि मग जुन्या तात्पुरत्या फायलींची झाडलोट करायचा. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी फुकटात मिळणाऱ्या प्रणालीवर, तोच शहाणा आधी सगळं झाडून टाकायचा आणि मग बघायचा. नीट बंद केला तर फरक पडत नसे. मशीन मध्येच बंद पडलं तर मात्र लिहिलेलं सगळं पाण्यात. क्लासमधली जुनी मशीनं सगळी लिनक्सवर होती.

काल क्लासमधल्या स्वप्नालीनं दिवसभर बसून प्रोजेक्ट लिहिला आणि एस.टी. चुकेल म्हणून मशीन तसंच सोडून पळाली. आज नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीत तो दाखवायचा होता. उघडला तर कोरा. पडद्यावरच्या साहेबांनी दोन मिनिटं वाट पाहिली, थँक्यू म्हटलं, आणि पोरगी डोळे पुसत औशाला परत गेली. दामिनीचं डोकं तेव्हापासून तापलं होतं.

"लिनक्सवर चालवून तरी बघितलास का?"

"माझ्याकडे लिनक्स नाहीये," रुद्रेश म्हणाला. "आणि हे बघ, चालू मशीनची वीज तोडली तरच असं होतं. असं कोण करतं?"

"तुझे वडील करतात."

ते खरंच होतं. क्लास भरायचा तोच मुळी सिद्धरामअप्पांच्या डाळीच्या गोदामावरच्या खोलीत. संध्याकाळी गल्ल्यापुढे हात जोडून झाले की अप्पा जिन्यातला मेन स्विच खाली ओढायचे आणि मगच कुलूप लावायचे. वीज चालू ठेवून घरी जाणं म्हणजे आपल्याच हातानं गोदामाला काडी लावणं, असं त्यांचं ठाम मत. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, बहुतेक व्यापारी तसंच करत.

"मग सांग ना अप्पांना, मेन ओढू नका म्हणून."

"तू सांग की! पोरगा हायस ना त्यांचा? चूक तुमची अन् सवय त्यांनी बदलायची?"

"मुलींना आधी सेव्ह करायला शिकव." रुद्रेशचाही आवाज चढला.

"विंडोजवाल्यांना शिकवतोस का? त्यांचं तर बसल्या जागी परत आणून देतोस. आमच्याच पोरी फालतू हायत का?"

त्यानं आपला लॅपटॉप पुढे ओढला. मग म्हणाला, "बरं. तुझं मशीन मला इथून चालवता येईल असं जोडून दे. मीच लिहितो व्यवस्थित. दोन ओळी इकडच्या तिकडे केल्या म्हणजे झालं, असं नसतं ते."

दामिनीनं दात आवळून मशीन जोडून दिलं. तिच्या पडद्यावर त्याचा बाण फिरू लागला. त्याच एडिटरमध्ये रुद्रेशनं नवी फाईल उघडली आणि लिहीत सुटला. ओळीमागून ओळ. मधेच एखादी खोडायचा, पुन्हा लिहायचा. काम चांगलं करत होता, हे तिलाही दिसत होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप येत होता. हीच मेहनत आठवड्यापूर्वी घेतली असती तर? फाईलच्या नावापुढे ठिपका होता. म्हणजे अजून सेव्ह केलेली नव्हती.

"झालं का गं पोरी?" जिन्यातून अप्पांची हाक आली. "मेन बंद करू का?"

रोज ती म्हणायची, थांबा अप्पा, थोडं राहिलंय. आज तिची नजर त्या ठिपक्यावरच होती.

"अप्पा! थांबा जरा!" टेबलावरच्या फोनमधून रुद्रेश ओरडला. खाली अप्पांना ते काय ऐकू जाणार? त्याची पुण्याची भाषा पार गळून पडली. "दामिनी, थांबीव त्यांना! म्या सेव्ह केलं न्हाई आजून!"

"करा बंद, अप्पा," दामिनी जिन्याकडे तोंड करून म्हणाली.

पडदा काळा झाला. डोक्यावरचा पंखा घरघरत मंदावला. फोन तेवढा चालू राहिला.

"तू मुद्दाम केलंस."

"हाव," ती म्हणाली. "स्वप्नालीचं तर कुणी मुद्दामबी केलं नव्हतं."

खाली अप्पा गोदामाचं शटर ओढत होते. मग रुद्रेशनं हळूच विचारलं, "तुझ्या त्या दोन ओळी कुठं हायत?"

"तू फेकल्यास तिथंच."