कॅलेंडरमागची फुली

"बक्षीस लागलंय म्हणतेस, आणि तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का?" बाबांनी विचारलं.

धाकट्या लेकीनं संगणकाचा पडदा तेवढा त्यांच्याकडे वळवला.

आपापल्या घरी बसून दहा-दहा जण एकमेकांच्या मागे बंदुका घेऊन पळतात, असा तो खेळ. त्यासाठी ती हौसेनं नकाशे बनवायची. नकाशा म्हणजे कागद नव्हे, अख्खी जागाच: भिंती, जिने, दारं. खेळाची कंपनी दरवर्षी अशा हौशी लोकांचा एक नकाशा निवडते, खेळात कायमचा ठेवते आणि करणाऱ्याचं नाव दारावर लावते. यंदा तिचा निवडला होता. फक्त एक बदल करायचा होता, आज संध्याकाळी सहाच्या आत. आता चार वाजले होते.

"बदल कसला?"

"स्वयंपाकघराला एकच दार आहे. आत सापडला की मेलाच. मागच्या बाजूला दुसरं काढा म्हणतात."

बाबांनी चष्मा लावला. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस; घर वरून पाहिलं तरी त्यांना कळायचं. हे तर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर होतं. ओसरी, माजघर, टवका उडालेली पायरीसुद्धा. आणि सगळीकडे बारीक लाल फुल्या. स्वयंपाकघरात तर फरशी दिसत नव्हती, इतक्या.

"हे काय?"

"चाचणीत जो जिथे मेला, तिथे एक फुली."

बाबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"मी नाही करणार बदल," धाकटी म्हणाली. "आईचं घर जसं होतं तसंच राहील. चुलीत गेलं त्यांचं बक्षीस!"

आणि तिनं जीभ चावली. नऊ वर्षांपूर्वी त्याच स्वयंपाकघरात, दाराशी ठेवलेला सिलिंडर पेटला तेव्हा आई आत होती. पुढे तिला जायला जागा नव्हती.

"ते कॅलेंडर काढ," बाबा म्हणाले.

पडद्यावर स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर आईचं कॅलेंडर होतं. गॅस यायच्या तारखेला आई गोल करायची, तोही धाकटीनं आठवून काढला होता.

"का म्हणून? तिनं लावलंय ते."

"काढ म्हणतो ना!"

तिनं काढलं. मागे नुसती भिंत राहिली.

"इथे फुली होती," बाबांनी बोट टेकवलं. "गेरूची. भिंत फोडायची असली की आम्ही आधी फुली मारून ठेवतो. तुझी आई म्हणाली, धूर कोंडतो, मागे एक दार काढून द्या. फुली मारली, म्हटलं येत्या रविवारी फोडतो. मग लोकांची कामं निघाली. दुसऱ्यांच्या घरांना दारं बसवत हिंडलो मी. दोन वर्षं. शेवटी तिनंच त्या फुलीवर कॅलेंडर टांगलं. एका शब्दानं बोलली नाही."

धाकटीला त्यांचा राग आला. इतका, की उठून जावं, पुन्हा तोंड पाहू नये. नऊ वर्षं हा माणूस तिच्यासमोर जेवत होता, पेपर वाचत होता, आणि हे पोटात ठेवून होता. मग तिनं त्यांचं बोट पाहिलं. ते पडद्यावरून निघतच नव्हतं.

तिनं विचारलं, "किती रुंद?"

"तीन फूट. उंबरा ठेवू नकोस. पळताना माणूस अडखळतं."

तिनं मोजून घेतलं आणि कळ दाबली. भिंतीचा तेवढा तुकडा नाहीसा झाला. पलीकडे परसातलं गवत दिसायला लागलं.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

"हो, बाबा. एवढंच."

साडेपाचला कंपनीची माणसं चाचणीला नकाशात उतरली. पिवळ्या कपड्यातली एक बाई ओसरीतून पळत आली, माजघर ओलांडून थेट स्वयंपाकघरात शिरली. मागोमाग दोघं होते. बाबा खुर्चीच्या कडेला आले. पुढच्या दारात गोळ्यांचा धूर झाला आणि काही दिसेना.

"बाहेर पडली का गं ती?"

"पडली."

"फुली नाही ना उमटली?"

"नाही, बाबा."

"नीट बघ," बाबा म्हणाले. "पुन्हा एकदा नीट बघ."