आठ आण्यांच्या खाली

“बरं शे,” भटूनाना म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या धुरपदाबाईंनी कपाळाला हात लावला.

डोक्यावर पंखा गरगरत होता, बाहेर धुळ्याचं ऊन रणरणत होतं, आणि नानांच्या अंगावर घोंगडी होती. आता ह्याला बरं म्हणायचं तर वाईट कशाला म्हणायचं, ते देवच जाणे. समोर तरुण डॉक्टर मुंबईहून छापून आलेले प्रश्न घेऊन बसले होते. रक्ताच्या कॅन्सरचा रोगी किती दिवस जगला ते सगळे लिहून ठेवतात, पण कसा जगला ते कोणी मोजत नाही, म्हणून हे प्रश्न, असं त्यांनी सुरुवातीलाच समजावलं होतं. उत्तरं बघून इंजेक्शनं तशीच चालू ठेवायची की कमी करायची, ते ठरणार होतं.

धुरपदाबाई तेवढ्यासाठीच नवऱ्याला पहिल्या एस्टीत बसवून घेऊन आल्या होत्या. इंजेक्शन घेतलं की हुडहुडी, मग ताप, आणि जरा कुठे डोकं वर काढावं तर पुढचं इंजेक्शन हजर. भाकरीचं ताट समोर आलं की माणूस तोंड फिरवायचा. ती इंजेक्शनं कमी झाली पाहिजेत, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि हा बाबा डॉक्टरचं तोंड पाहिलं की ठणठणीत.

प्रश्नही एकेक असले. जिना चढताना दम लागतो का? घराला जिनाच नव्हता, तेव्हा नाही म्हणाले ते खरंच होतं. लांबवर फिरायला जाता का? काम नसताना फिरायला जायला त्यांना काय वेड लागलं होतं? भूक, बरी शे. झोप, बरी शे. अंग दुखतं का, तर उलसं, म्हणजे जरासं. धुरपदाबाई मध्ये बोलायला गेल्या की डॉक्टर हात वर करायचे. रोग्यानेच सांगायचं, असा नियम होता म्हणे. नियम करणाऱ्यांनी खानदेशातला माणूस पाहिला नसावा. इथे घरात मयत झालेलं असलं तरी दारात आलेल्याला आधी बरं शे म्हणतात, मग रडतात.

शेवटी डॉक्टरांनीच कंटाळून पेन खाली ठेवलं. त्यांचे वडील भंवरलाल शेटजी कपाशीचे व्यापारी, त्यामुळे पिकापाण्याच्या गोष्टी त्यांच्या कानांवरून लहानपणापासून गेलेल्या.

“नाना, आणेवारी सांगा,” ते म्हणाले. “पिकाची सांगता तशी. सोळा आण्यांत तुमचं जगणं सध्या किती आणे आहे?”

नाना पहिल्यांदाच सावरून बसले. हा त्यांचा प्रांत होता. पीक किती आलं ते ठरवायला तलाठी गावात आला की गावातर्फे नाना बांधावर उभे राहायचे. आठ आण्यांच्या खाली आलं तर शेतसाऱ्यात सूट मिळायची, म्हणून नाना डोलणाऱ्या ज्वारीला सहा आण्यांवर आणून बसवायचे आणि वर तलाठ्याला ते पटवायचे. हसत्या पिकाला रडायला लावतो हा माणूस, असं गाव कौतुकाने म्हणायचं.

नानांनी डोळे बारीक केले, आपल्या पायांकडे नीट निरखून पाहिलं.

“नऊ आना.”

आता मात्र धुरपदाबाईंचा संयम सुटला. नियम गेला चुलीत. सकाळी सदऱ्याच्या गुंड्या कोणी लावल्या, रिक्षात उचलून कोणी बसवलं, सगळं त्यांनी डॉक्टरांसमोर नवऱ्याच्या पदरात घातलं. जन्मभर चांगल्याला वाईट म्हणण्यात हुशारी केली, आणि आता खरोखर वाईट आहे तेव्हा चांगलं म्हणताय. आठच्या खाली गेलं तरच सूट मिळते हे गावाला तुम्हीच शिकवलंत ना? मग ह्या इंजेक्शनांची सूट मागताना जीभ का अडते?

नाना डॉक्टरांकडेच बघत होते.

“आठ आनाना खाले गयं का पीक बुडीत धरतस, साहेब. बुडीत पिकले मंग कोन पानी देस?”

धुरपदाबाईंचा राग होता तिथेच होता, पण तो आता कोणावर काढायचा ते त्यांना कळेना.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. कोणी सोडून देणार नाही, औषध चालूच राहील, फक्त कमी होईल, दोन घास जातील, ओट्यावर बसता येईल, असं त्यांनी हळूहळू सांगितलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं. तलाठीही असाच गोड बोलायचा, एवढं पुटपुटले. मग घोंगडीतून बोट बाहेर काढून त्यांनी बायकोकडे दाखवलं.

“वावरना धनीले कोनी आनेवारी इचारत नही. शेजारना बांधवालाले इचारतस. हिले इचारा.”

डॉक्टर धुरपदाबाईंकडे वळले. सकाळपासून त्यांच्या जिभेवर सगळं तयार होतं, आणि आता विचारलं तर त्यांनी आधी नानांच्या खांद्यावरची घोंगडी नीट केली. त्यांनी नानांकडे पाहिलं नाही.

“चार आना,” त्या म्हणाल्या. मग घाईघाईने, “पन बुडीत नका धरू, साहेब.”

डॉक्टरांनी पेन उचललं. नानांनी घोंगडीतून हात काढून त्यांच्या मनगटावर ठेवला. 

“एक आना हिनी वाढाई दिधा,” ते म्हणाले. “तीन लिखा.”