पान एकशे बारा

नव्याकोऱ्या एसयूव्हीने दारातच मान टाकली. नवऱ्याने शेजाऱ्याची जीप आणली, एसयूव्हीच्या बंपरवरचं झाकण काढलं, पण ओढायची कडी बसेचना. “अहो, उलटी फिरवा. पान एकशे बारा,” बायको म्हणाली. लायसन्स मिळून सहा वर्षं झाली तरी तिच्या हाती किल्ली आली नव्हती. म्हणून गाडीचं पुस्तकच पाठ केलेलं. कडी घट्ट बसली. जीप तो चालवणार. मागे स्टीअरिंग धरायला उरली तीच! दोर जुनाट; झटका बसला की तुटलाच. “जमेल ना गं?” त्याने दहादा विचारलं. ती बाह्या सरसावून बसली. हलके ब्रेक दाबत तिने गॅरेजपर्यंत दोर सैल पडू दिला नाही. मेकॅनिक दोर चाचपत म्हणाला, “या सुतळीने गाडी पोचली? मागे कोण होतं?” “आमची ही!” नवऱ्याची छाती फुगली. एसयूव्ही दुरुस्त झाली. परतताना जीप मागे होती, नवऱ्यासकट.