सर्वांत कोवळा तुकडा

गोधडी टेबलावर पसरली आणि टाकेबाईंनी चहाचा कप दूर सरकवला. संग्रहालयात त्यांना सगळे याच नावाने हाक मारत. टाके आणि कापड पाहून त्या गोधडीचं वय सांगत, आणि तीस वर्षांत कुणाचं मन राखायला त्यांनी एक वर्षही इकडचं तिकडे केलं नव्हतं.

"मी दोन महिन्यांची असताना आई गेली," समोरची शिक्षिका म्हणाली. "जाण्याआधी तिनं माझ्यासाठी ही शिवली, असं मावशी सांगते. नक्की कधीची ते सांगाल?"

मावशी म्हणजे सावत्र आई. ती शेजारी पिशवीचे बंद पिळत बसली होती.

शिक्षिका बाहेर अर्ज भरायला गेली. टाकेबाईंनी कोपरा जरासा उसवला. चिंध्या कितीही जुन्या असोत, गोधडीचं वय ठरतं ते तिच्यातल्या सर्वांत कोवळ्या तुकड्यावरून. वरचं कापड जुनंच होतं. आतल्या थरात मात्र निळ्या टेरिकॉटची पट्टी निघाली. असं कापड बाजारात आलं तेव्हा ही शिक्षिका स्वतःच शाळेत जात असणार. मागाहून केलेली दुरुस्ती म्हणावी, तर टाके सगळे एका हातचे.

त्यांनी मान वर केली. मावशीचा चेहरा पार उतरला होता.

"मीच शिवली," ती म्हणाली. "मी घरात आले तेव्हा पोर सहा वर्षांची. भिंतीकडे तोंड करून कुढायची, मला जवळ फिरकू द्यायची नाही. आईची आहे म्हटल्यावर पांघरून झोपायला लागली. तिची आई तिच्यापासून काढून घेऊ नका, बाई."

टाकेबाईंनी पट्टी पुन्हा आत सारली.

शिक्षिका परतल्यावर त्यांनी शांतपणे सांगून टाकलं, की गोधडी तिच्या जन्माच्या वर्षीचीच आहे. तीस वर्षांची पुण्याई एका वाक्यात पाण्यात गेली, आणि गंमत म्हणजे त्यांना अगदी हलकं वाटलं. मावशीने त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. मग ती डोळे पुसत जिन्याकडे निघाली.

शिक्षिका घडी घालायला मागे राहिली.

"ती निळी पट्टी माझ्या पहिलीच्या फ्रॉकची आहे," ती हळूच म्हणाली. "मला कधीचं ठाऊक आहे, लहानपणी एक शिवण सुटली तेव्हाच दिसली होती. ही तूच शिवलीस असं मी म्हटलं असतं तर तिनं उडवून लावलं असतं, म्हणून तिला तुमच्या तोंडून ऐकवायला आणलं होतं. आज तिला आई म्हणायचं ठरवून आले होते."